पारिजातकाचे नाव लिहून ठेवणारा वैद्य

आमच्या घराच्या मागीलदारी, विहिरीला लागून, पारिजातकाचे एक झाड आहे. पहाटे त्याच्याखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि ऊन चढले की ती फुले कोमेजून मातीला मिळतात. लहानपणी त्या फुलांच्या केशरी देठांनी आम्ही पोरे बोटे रंगवीत असू. पुढे शाळेत कुणीतरी सांगितले की, ह्या झाडाचे शास्त्रीय नाव निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस असे आहे आणि त्यातल्या मागच्या दोन शब्दांचा अर्थ आहे दुःखी झाड. मला मोठे नवल वाटले. सत्यभामेच्या अंगणात लावलेले आणि रुक्मिणीच्या अंगणात फुले ढाळणारे हे झाड. त्याला कसले आले दुःख? असलेच तर ते सत्यभामेला असावे!

ह्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते गोव्याच्या सहलीमुळे. आमच्या इतिहास विभागाची सहल जुन्या गोव्यातील चर्चे पाहून पणजीला आली आणि पाय दुखू लागले म्हणून आम्ही मुली चर्चसमोरच्या बागेत जाऊन बसलो. बागेला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे एवढे कळले. असतील कुणी पोर्तुगीज गव्हर्नर, असे म्हणून मी विषय सोडून दिला होता. पण आमच्या सरांनी तो सोडू दिला नाही. हे गृहस्थ गव्हर्नर नसून वैद्य होते, साडेचारशे वर्षांपूर्वी त्यांनी गोव्यात बसून आपल्याकडच्या झाडपाल्यावर एक पुस्तक लिहिले, असे सांगून परत आल्यावर त्यांनी मला त्या पुस्तकाचा क्लेमंट्स मार्कहॅम यांनी १९१३ साली केलेला इंग्रजी अनुवाद वाचायला दिला. दुःखी झाडावर त्यात एक अख्खे प्रकरणच आहे! गोव्यातील लोक ह्या झाडाला पारिजातक म्हणतात, हे ओर्तांनी त्यात नमूद केले आहे आणि इथल्या लोकांकडून ऐकलेली कथाही दिली आहे. पारिजातक नावाच्या एका मोठ्या सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिला टाकले. तिने जीव दिला आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. ओर्तांच्या पुस्तकातून हे दुःखी झाड युरोपात गेले आणि १७५३ साली लिनियसने त्याला कायमचे नाव दिले तेव्हा त्यातले दुःख तसेच ठेवले. कोकणातल्या कुणा बाईने किंवा बुवाने सांगितलेली गोष्ट अशी सगळ्या जगाच्या वनस्पतिशास्त्रात जाऊन बसली. सांगणारे माणूस कोण, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही.

ओर्तांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हीद ह्या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सरहद्दीजवळ आहे आणि त्यांच्या आयुष्याचा सारा गुंता त्या सरहद्दीपासूनच सुरू होतो. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले तेव्हा पुष्कळ कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आली. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने त्यांना बळाने ख्रिस्ती केले. अशांना नवख्रिस्ती म्हणत. बाप्तिस्मा झाला, चर्चमध्ये जाणे-येणे सुरू झाले. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डोळे ह्यांच्या घरात शनिवारी चूल पेटते की नाही, डुकराचे मांस शिजते की नाही, ह्याच्यावरच खिळलेले! अशा घरात ओर्ता वाढले. बाहेर एक आणि घरात एक असे दुहेरी जगणे ज्याला पाळण्यातच शिकावे लागते, त्या मुलाला पुढे दोन्ही बाजू मांडणारे संवाद लिहिणे साधले, ह्यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

सालामांका आणि आल्काला ह्या स्पेनमधल्या विद्यापीठांत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १५२३ च्या सुमारास ते गावी परतले, वैद्यकी करू लागले, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवूही लागले. त्या काळचे वैद्यक म्हणजे ग्रीक आणि अरब आचार्यांचे ग्रंथ. गेलनने म्हटले ते प्रमाण, डायोस्कोरिडीजने लिहिले ते प्रमाण, अविसेनाने सांगितले ते प्रमाण. ह्या ग्रंथांत मिरी, वेलदोडा, हिरडा, हिंग, कापूर अशा हिंदुस्थानी पदार्थांचा बुजबुजाट होता. पण ज्यांनी लिहिले त्यांतल्या बहुतेकांनी ती झाडे पाहिलेली नव्हती. पोथीत आहे म्हणून आहे, असा सगळा कारभार.

लिस्बनची चांगली नोकरी सोडून ओर्ता १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा ह्या दर्यासारंगाचे खाजगी वैद्य म्हणून जहाजावर चढले आणि सप्टेंबरात गोव्याला उतरले. ते का निघाले असावेत? औषधे प्रत्यक्ष पाहण्याची ओढ होतीच. पण पोर्तुगालमध्ये धर्मसमीक्षणाचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५३६ साली स्थापन झाले आणि त्याची चाहूल आधीपासून लागलेली होती, हेही विसरता येत नाही. वादळ येण्याआधी दोन वर्षे हा माणूस घर सोडून निघाला. चौतीस वर्षे तो इकडेच राहिला आणि मायदेशी पुन्हा कधी गेला नाही.

पहिली चार वर्षे स्वाऱ्यांत गेली. सोझांबरोबर ते दीवला गेले, काठेवाडात फिरले, वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात आली तो काळ त्यांनी पाहिला, घारापुरीची लेणी पाहून त्यांवर लिहिले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याची भांगेविषयीची एक गंमत त्यांनी नोंदवली आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावेसे वाटले की आपण थोडीशी भांग घेतो, असे सुलतानांनी सोझांना सांगितले होते म्हणे! भांगेवर प्रकरण लिहिताना औषधी गुणांबरोबर हेही टिपून ठेवणारा लेखक रसिक असला पाहिजे.

१५३८ पासून ओर्ता गोव्यात स्थायिक झाले. व्हाइसरॉय, गव्हर्नर, पाद्री, सौदागर असे सगळेच त्यांचे रोगी. अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) बुऱ्हाण निजामशहा त्यांना वारंवार बोलावून घेई, आणि ह्या दोघांची नुसती राजा-वैद्याची नव्हे, तर खरी मैत्री होती. राजा स्वतः व्यासंगी. तो ओर्तांना रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी आणि ओर्ता त्याला लॅटिन नावे शिकवीत. त्या दरबारात अरब आणि इराणी हकीम होते, त्यांच्याशी वाद होत. घाट चढून अहमदनगरला जाताना वाटेत दिसेल त्या झाडाचे नाव विचारणारा हा लांब अंगरख्याचा फिरंगी पाहून आपल्या गावकऱ्यांनी काय म्हटले असेल, ह्याची कल्पना करताना मला हसू येते.

मुंबईशीही त्यांचा संबंध आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारने ओर्तांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिले. आज जिथे एका खोलीसाठी आयुष्य खर्ची पडते, ते बेट एका वैद्याला पट्ट्याने मिळाले होते! त्यांचा वाडा पुढे जिथे इंग्रजांचा बॉम्बे कॅसल उभा राहिला तिथे होता असे मानतात. १६६५ साली इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला तोही त्याच जागेवर. पण ओर्तांना स्वतःला ह्या बेटाचे कौतुक होते ते एका आंब्याच्या झाडामुळे. त्यांच्या मुंबईतल्या ह्या झाडाला वर्षातून दोनदा फळे येत, एकदा मे महिन्यात आणि एकदा नाताळच्या सुमारास. आंब्याचे प्रकरण चालू असताना मुंबईहून आंबे घेऊन होडी येते आणि चर्चा सोडून सगळे आंब्यांकडे वळतात. हे अगदी आपल्यासारखेच झाले.

ह्या सगळ्या अनुभवाचे पुस्तक १५६३ च्या एप्रिलमध्ये गोव्यात छापून निघाले. हिंदुस्थानात छापखाना आला १५५६ साली, तोही गोव्यातच. म्हणजे आपल्या देशात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या पुस्तकांपैकी हे एक. छपाई अशी काही भयंकर की, शुद्धिपत्राची पानेच्या पाने जोडावी लागली. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश याची छापली गेलेली पहिली कविता ह्याच पुस्तकाच्या आरंभी आहे. नाव लांबलचक, पण अर्थ साधा : हिंदुस्थानातील औषधी आणि द्रव्ये यांविषयी संवाद.

संवाद होतो दोघांत. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा, स्पेनमध्ये शिकून नुकताच गोव्याला उतरलेला वैद्य. हा रुआनो काल्पनिक आहे. त्याला सगळे ग्रंथ पाठ. तो गेलनचा आधार काढतो आणि ओर्ता त्याला झाड दाखवतात. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, रुआनो म्हणजे तरुणपणचे ओर्ताच आहेत. सालामांकात पाठ केलेले सगळे त्याच्या तोंडी आहे आणि गोव्यात तीस वर्षे राहून जे कळले ते उत्तरात आहे. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती, अशी कबुलीही ओर्तांनी दिली आहे. मिरी आणि पिंपळी ही एकाच झाडाची फळे नव्हेत, हे त्यांनी ठणकावून सांगितले. अर्थात त्यांचेही सगळे बरोबर नव्हते. पांढरी मिरी आणि काळी मिरी ह्यांची झाडे वेगळी, असे ते समजत. आपल्याकडची कुठलीही गृहिणी त्यांची ही चूक दुरुस्त करू शकली असती.

प्रकरणे एकूण ५९, लिपीतील अक्षरांच्या क्रमाने लावलेली. कोरफड, बिब्बा, हिंग, भांग, बोर, कापूर, वेलची, नारळ, धोत्रा, सुपारी, फणस, लाख, हिरडा-बेहडा-आवळा, जायफळ, अफू, चंदन, चिंच, हळद. विड्याचे पान मात्र आपल्या अक्षराच्या जागी द्यायचे राहून गेले आणि ते शेवटच्या प्रकरणात आले. जेवणानंतर विडा, हा क्रम नकळत का होईना साधला गेला. प्रत्येक ठिकाणी त्या वस्तूला अरब काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, दख्खनी लोक काय म्हणतात, मलबारी काय म्हणतात, हे आधी येते. नाव हे त्यांच्या लेखी ज्ञानाचे दार होते. निर्गुडीचे त्यांनी ऐकलेले नाव नेगुंडो. आज निर्गुडीला शास्त्रात व्हायटेक्स नेगुंडो म्हणतात. आपल्या आमसुलाच्या फळालाही पुस्तकात जागा आहे, ब्रिंडाँव ह्या नावाने. (आमसुलाच्या झाडाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया असल्यामुळे ते ह्या गार्सियांवरून पडले असावे, असे मलाही क्षणभर वाटले होते. तसे नाही. ते लॉरां गार्सँ नावाच्या दुसऱ्याच एका वनस्पतिशास्त्रज्ञावरून आहे.)

पटकीवरचे प्रकरण वाचताना तर मी थबकलेच. युरोपीय वैद्याने आशियातील पटकीचे केलेले हे पहिले नीट वर्णन मानले जाते. इथले लोक ह्या रोगाला मोर्शी म्हणतात, असे ओर्ता लिहितात. मोर्शी म्हणजे आपली मोडशी! अजीर्ण होऊन वांती सुरू झाली की मोडशी झाली असे आमच्या घरी अजून म्हणतात. फिरंग्यांनी त्या शब्दाचे मोर्देशी केले आणि पुढे फ्रेंचांनी त्याची ओढाताण करून कुत्र्याचे मरण अशा अर्थाचा शब्द बनवला. हा रोग काही तासांत माणूस संपवतो, डोळे खोल जातात, हातापायांत पेटके येतात, हे सगळे ओर्तांनी पाहून लिहिले आहे. आणि इथले वैद्य काय देत तेही लिहिले आहे : मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी, म्हणजे कांजी. ते रोग्याच्या पायांना डाग देत आणि डोळ्यांत पिंपळी घालत, हेही त्यांनी लपवलेले नाही. डोळ्यांत पिंपळी घालण्याचे समर्थन मी करणार नाही. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांनी तांदळाच्या पिठाची क्षारयुक्त पेज देऊन रोगी वाचवले, हे कळल्यावर त्या कांजीकडे हसण्यावारी पाहता येत नाही.

दुसरे प्रकरण हगवणीवरच्या एका औषधाचे. पोर्तुगीज त्याला मलबारी औषधी म्हणत, कारण ते त्यांना मलबारच्या लोकांनी शिकवले होते. ओर्तांनी त्याचे देशी नाव कोरू असे दिले आहे. अभ्यासकांच्या मते हा आपला कुडा. कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचे द्रव्य असते आणि ते आमांशाच्या जंतूंवर चालते, हे रसायनशास्त्राने खूप उशिरा दाखवले. आमच्या आजीला रसायनशास्त्राचा गंध नव्हता. पण पावसाळ्यात वाडीत कुणाचे पोर हगवणीने हैराण झाले की, ती कुड्याच्या मुळीची साल आणून ताकात उगाळून देई. शेंगांची भाजी करी ती वेगळीच.

ओर्ता हे सारे शिकले कुणाकडून? निजामशहा आणि त्याचे हकीम झाले. गोव्यातील हिंदू वैद्य झाले. त्यांतला मालुपा नावाचा एक वैद्य तर पुस्तकात प्रत्यक्ष येऊन बोलतो. आणि एक आहे अंतोनिया. ही त्यांच्या घरातली दासी. बोलता बोलता ओर्ता तिला हाक मारतात, अमक्या झाडाची फांदी आण, तमके फळ आण, आणि ती अचूक तेच घेऊन येते. पुस्तकात तिला तेवढेच काम आहे. पण जरा विचार करावा. बाजारात जाणारी ती. बागेतले कुठले झुडूप कोणते हे ठाऊक असलेली ती. ओर्तांनी तीस वर्षांत जी नावे गोळा केली, त्यांतली किती तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या तोंडून आली असतील! तिचे मूळ नाव काय होते? अंतोनिया हे तर बाप्तिस्म्याचे.

ओर्तांना मी देव्हाऱ्यात बसवीत नाही. ते गुलाम बाळगीत. हिंदू वैद्य अनुभवाने चालतात, त्यांच्यापाशी शास्त्र नाही, असे ते म्हणत. आणि आपल्या औषधाने गुण आला नाही की त्यांचेच औषध देत. तसे त्यांनी उघड कबूलही केले आहे, हा त्यांचा मोठेपणा. अनुभव आणि शास्त्र ह्यांत एवढा भेद असेल, तर गेलनच्या पोथीला अनुभवाने खोटे पाडणाऱ्या ओर्तांना कुठल्या बाजूला बसवायचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. निदान पुस्तकात तरी तो दिसत नाही.

१५६४ साली क्लुसियस नावाचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ पोर्तुगाल-स्पेनच्या प्रवासात होता. त्याच्या हाती हे पुस्तक पडले. त्याने त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि तो १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. त्याचे उपकार मोठे आहेत, कारण युरोपने ओर्तांना वाचले ते बहुतांशी ह्याच संक्षेपातून. पण संक्षेप करताना त्याने संवाद काढून टाकले. रुआनो गेला, मुंबईच्या आंब्यांची होडी गेली, मालुपा गेला, अंतोनिया गेली. उरली ती झाडे, त्यांची नावे आणि गुण. विद्वानाला हवे होते तेवढे त्याने घेतले. पुढे १६७८ पासून मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान रीड याने मोठा ग्रंथ काढला, तेव्हा मात्र इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित, आपूभट ह्या तीन कोकणी वैद्यांचे लेख त्यांच्या त्यांच्या लिपीत छापले. त्या तिघांची नागरी अक्षरे आजही त्या ग्रंथात पाहायला मिळतात. म्हणजे मनात आणले तर हे करता येत होते!

इकडे गोव्यात वादळ येऊन पोहोचले होते. १५६० साली इन्क्विझिशन गोव्यात सुरू झाले. ज्याच्यापासून दूर जायला ओर्ता सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून आले, ते त्यांच्या मागोमाग दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या बहिणींना लिस्बनमध्ये ह्या न्यायालयाचा हिसका एकदा बसलेला होता. सुटका झाल्यावर त्या १५४९ च्या सुमारास आईबरोबर गोव्याला भावाच्या आश्रयाला आल्या होत्या. पुस्तक लिहिले, छापले, तेव्हा ही टांगती तलवार डोक्यावर होतीच. ते सगळे खेळकर संवाद, आंबे, विडे, बहादूरशहाची भांग, हे अशा दिवसांत लिहिले गेले आहे, हे लक्षात ठेवून मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ते मला वेगळेच भासले. आपल्या घरात खरोखर काय बोलले जाते ह्याबद्दल त्यांत अवाक्षर नाही.

ओर्ता १५६८ मध्ये वारले. लगेच घरच्यांची धरपकड सुरू झाली. बहीण कातारिना हिला, ती ज्यू धर्म पाळते म्हणून, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळले. मेलेल्या भावाचाही खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्यांची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या, गोव्याचे अनेक मोठे लोक ज्याच्या औषधाने बरे झाले त्या वैद्याची हाडे! ही गोष्ट पुढे साडेतीनशे वर्षे दडून राहिली. १९३४ साली, त्यांच्या प्रवासाच्या चतुःशताब्दीच्या निमित्ताने, आउगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु ह्या पोर्तुगीज संशोधकाने इन्क्विझिशनच्या दप्तरातली कागदपत्रे बाहेर काढली तेव्हा ती जगाला कळली. चितेच्या राखेतून उगवलेल्या झाडाची कथा ज्याने लिहून ठेवली, त्याची राख कुठे गेली हे सांगणारे झाड काही उगवले नाही.

आता थोडे माझे स्वतःचे. ह्या लेखात ते सांगावे की नाही, ह्याचा मी बराच विचार केला.

द्वितीय वर्षाला असताना आम्हांला पर्यावरणाचा प्रकल्प करायचा होता. मी आमच्या वाडीतल्या औषधी वनस्पती हा विषय घेतला. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आजीच्या मागे मागे फिरले. गुडघे दुखत असूनही ती माझ्याबरोबर व्हाळापर्यंत आली, काठीने पाला बाजूला करून दाखवी, पान चुरगाळून वास घ्यायला लावी. मी सत्तेचाळीस वनस्पती लिहून घेतल्या. मग त्या अ पासून क्रमाने लावल्या, शास्त्रीय नावे पुस्तकातून उतरवली, फोटो चिकटवले. मुखपृष्ठावर माझे नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव. गुण चांगले मिळाले. आजीचे नाव वहीत कुठेही नव्हते, आणि ते नाही हे माझ्या तेव्हा ध्यानातसुद्धा आले नाही. तिने वही हातात घेऊन फोटो पाहिले आणि फोटो छान आल्याचे कौतुक केले. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

क्लुसियसने अंतोनियाला काढून टाकल्याचे वाचले त्या दिवशी मला ग्रंथालयात बसवेना. गणपतीला घरी गेले तेव्हा माळ्यावरून वही काढली आणि एकेका वनस्पतीपुढे आजीचे नाव लिहीत बसले. एकोणतिसाव्या नोंदीपाशी हात थांबला. ही मुळी, आणि पुढच्या आणखी पाच, आजीच्या नव्हेत. त्या धनगरवाड्यावरून लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईने तिला शिकवल्या होत्या. आजी हे प्रत्येक वेळी सांगायची, आणि मी प्रत्येक वेळी ते लिहायचे सोडून पुढची वनस्पती विचारायची. ती बाई दुपारी आमच्या पडवीत टेकायची, चहा प्यायची, गुळाचा खडा पदरात बांधून न्यायची, एवढे माझ्या कानांवर होते.

बाबा ओटीवर माटवी बांधीत होते. त्यांना जाऊन विचारले. त्यांना तिचा चेहरा आठवतो, कपाळावरचे मोठे गोंदण आठवते, ती मोळी कुठे उतरवून ठेवायची ती जागाही त्यांनी मला दाखवली, पारिजातकाच्या बुंध्याशी. नाव मात्र त्यांना आठवत नाही.